विशारद झालं म्हणजे शिकवता येतं का?

सम_चुकली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कथक विशारद. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सगळ्या परीक्षा दिल्या, शेवटच्या दोन्हीत प्रथम श्रेणी. गेल्या महिन्यात आमच्या क्लासच्या ताईंच्या पाठीचं ऑपरेशन झालं म्हणून त्यांनी लहान मुलींची बॅच माझ्यावर सोपवली. चौदा मुली, सात ते दहा वर्षांच्या. मला वाटलं त्यात काय, तत्कार (पायांचं काम) आणि चार हस्तक (हातांच्या हालचाली) तर घ्यायचेत. पहिल्याच दिवशी मी समोर उभी राहून "उजवा पाय" म्हणत उजवा टाकला आणि निम्म्या मुलींनी आरशात बघितल्यासारखा डावा टाकला. म्हणून मी पाठमोरी झाले, तर मागे काय गोंधळ चाललाय तेच दिसेना.

एक मुलगी आहे, ती ठाय (संथ) लयीत बरोबर करते पण दुगुन (दुप्पट लय) आली की पाय चुकते. मी तिला तेच परत परत करून दाखवलं, हळू करून दाखवलं, मोठ्याने बोल म्हणून दाखवलं. ती दर वेळी चुकली आणि का चुकते हे मला काही केल्या सांगता येईना. शेवटी ती रडली. घरी येऊन मीही रडले.

निघताना एका आईने गोड आवाजात विचारलं, तुम्ही सर्टिफाइड आहात ना? मी हो म्हटलं. खोटं नव्हतं. पण रात्रभर डोक्यात तेच, की सर्टिफिकेट आहे ते नक्की कशाचं? तुम्हाला काय वाटतं, परीक्षा पास झालेला माणूस शिकवायला लायक असतो का?

तिरकीट
नाही. धागा संपला, टाळं लावा. :)

लेकीचा_बाप
तिरकीट, तुमचं बरं आहे हो, तुम्हाला नाचातलं कळतं. मला कळत नाही. मी लेकीला क्लासला सोडतो आणि गाडीत बसून मोबाइल बघतो. मला तत्कार आणि तुकडा यातला फरक माहीत नाही, मग ताई चांगल्या की वाईट हे मी कशावरून ठरवू? भिंतीवर सर्टिफिकेट लावलेलं दिसलं की निदान एवढं कळतं की ही बाई कोणापुढे तरी नाचली आणि त्याने तिला पास केलं. काहीच नसण्यापेक्षा बरं ना?

नुसती_वाचक
लेकीचा_बाप +१

कडू_कारलं
काहीच नसण्यापेक्षा बरं? कथकच्या बिरजू महाराजांनी कुठली विशारद केली होती? तेराव्या वर्षी दिल्लीत संगीत भारतीमध्ये शिकवायला लागले होते ते. भरतनाट्यमच्या बालासरस्वतींकडे कुठलं सर्टिफिकेट होतं? तरी परदेशातल्या विद्यापीठांनी बोलावून शिकवायला लावलंच ना त्यांना. हे परीक्षेचं खूळ कारकुनांनी काढलंय. कला अशी गुणपत्रिकेत मावत नाही.

आधीच_उशीर
कारलंभाऊ, बिरजू महाराजांचे वडील अच्छन महाराज, काका लच्छू महाराज आणि शंभू महाराज. तुमच्या घरी कोण होतं? माझ्या घरी वडील पोस्टात आणि काका विम्यात. :ड

गंमत सोडा, पण हा मुद्दा नेहमी उलट्या बाजूने मांडला जातो. घराण्यात जन्मलेल्याला परीक्षा लागत नव्हती हे खरंच आहे, पण घराण्यात न जन्मलेल्याला पूर्वी दारच उघडत नसे हेही तितकंच खरं. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते याचसाठी की उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून न राहता कुणालाही फी भरून, ठरलेल्या अभ्यासक्रमाने शिकता यावं. पुढे १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी परीक्षा घेणारं गांधर्व महाविद्यालय मंडळ काढलं. हे सगळं मुळात गाण्यासाठी होतं, नाच नंतर आला. आज मध्यमवर्गातली कुठलीही मुलगी उठते आणि कथकच्या क्लासला नाव घालते त्यामागे ही सगळी खटपट आहे. तेव्हा कारकुनांना इतकी नावं ठेवू नका. मी स्वतः चाळिशीनंतर प्रवेशिका दिलीय, परीक्षा नसती तर रोजचा रियाज केला नसता मी.

कडू_कारलं
विम्यातले काका आवडले. पण शिकायला दार उघडणं आणि शिकवायचा परवाना देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धागाकर्तीचा प्रश्न दुसरीबद्दल आहे.

तिरकीट
बरं, आधी एका शब्दात उडवून लावलं होतं, आता सविस्तर. मी तबला वाजवतो. नृत्याच्या परीक्षांना साथीला बसून बरीच वर्षं झाली, कुठल्या केंद्रांवर ते विचारू नका.

परीक्षेत काय होतं तर मुलगी येते, नमस्कार करते, थाट, आमद, तुकडे, परण, गत, सगळं क्रमाने करते. सगळं बसवलेलं असतं. अडली तर मी समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी जरा भुवई उडवतो, डग्गा घुमवतो, तिला कळतं. हो, मी मदत करतो. आम्ही सगळेच करतो, लेकरू घामाघूम झालेलं बघवत नाही. पण परीक्षक खमका असला की मजा येते. एकदा एका मुलीने सोळा मात्रांच्या तीनतालात खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, 'तिग्दा दिगदिग थेई' तीनदा घेऊन, म्हणजे तिहाई घेऊन, झोकात सम गाठली. परीक्षक म्हणाले छान, आता हीच तिहाई झपतालात घे. मुलगी माझ्याकडे बघतेय, मी छताकडे.

उत्तर अगदी सोपं आहे. तीन मात्रांचा पल्ला तीनदा, म्हणजे समेसकट नऊ मात्रा. तीनतालात नवव्या मात्रेपासून निघालं की सोळा संपून समेवर येतो. झपताल दहाचा, तर तिसरीपासून निघायचं. बास. ज्याला तिहाई म्हणजे काय ते कळलंय तो बोटांवर मोजून दहा सेकंदात सांगेल. ती विशारद प्रथमला बसली होती, तिची कुठलीही तिहाई सुबक होती, पण तिने एकही तिहाई स्वतः मोजली नव्हती. पासही झाली. होणारच, बाकी नाचली सुंदर. पण उद्या ती शिकवायला बसली तर तिच्याकडे देण्यासारखं काय असेल? पाठ केलेले तुकडे. आणि तिच्या शिष्यांकडे त्याची झेरॉक्स.

सम_चुकली
तिरकीट, 'तिसरीपासून' हे उत्तर वाचायच्या आधी मी पण बोटांवर मोजलं. आलं बरोबर, पण दहा सेकंदांपेक्षा जास्त लागले. :(

तिरकीट
मोजलंत ना, मग तुमचं होईल.

नुसती_वाचक
भुवई उडवणारे तबलजी! आमच्या वेळी जे होते ते पूर्ण वेळ डोळे मिटून बसले होते. समाधी की झोप, अजून कळलेलं नाही.

दक्षिणवारी
भरतनाट्यमवाल्यांकडून थोडं. कडू_कारलं यांचा मुद्दा मला पटतो पण त्यांनी उदाहरण चुकीचं घेतलं. बिरजू महाराज काय, बालासरस्वती काय, ही थोर नाचणारी माणसं. त्यांच्यापेक्षा नट्टुवनारांकडे बघा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या पद्धतीत भरतनाट्यम शिकवायचे ते नट्टुवनार, पुरुष, आणि ते बहुतेक रंगमंचावर नाचत नसत. मांडी घालून समोर बसायचे, हातात लाकडी दांडू, पुढ्यात लाकडी ठोकळा, त्यावर ताल धरायचे आणि तोंडाने सोल्लुकट्टू (तालाचे बोल). उठून अडवू (मूळ पदन्यास) करून दाखवायचे तेही मोजकंच. पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिल्लैंकडे रुक्मिणीदेवी शिकल्या, राम गोपाल शिकले. एका जागी बसून शिकवणारा माणूस. त्यांना आपल्या आजच्या प्रात्यक्षिक परीक्षेला उभं केलं असतं तर? अलारिप्पू, जतिस्वरम, वर्णम नाचून दाखवा म्हटलं असतं तर? नापास.

म्हणजे आपण परीक्षा घेतो नाचण्याची आणि शिक्का मारतो शिकवण्याचा. तो माणूस बसल्या जागेवरून काय बघत होता, कुठला ठोका हलका पडला, कुठल्या मुलीची कंबर वाकली, हे मोजायचा रकाना आपल्या गुणपत्रिकेत नाहीच आहे.

आधीच_उशीर
दक्षिणवारी, हे भारी आहे. हा विचार डोक्यात आला नव्हता. पण मग नट्टुवनारही पिढीजातच ना? फिरून परत विम्यातल्या काकांकडेच आलो आपण.

दक्षिणवारी
हो, ते आहेच. पिढीजात असल्याचे तोटेही होते, ते मी झाकत नाही.

गुडघेदुखी
मी फिजिओथेरपिस्ट, नाचणारी बरीच मंडळी माझ्याकडे येतात, त्यामुळे या विषयावर जरा तिखट बोलणार आहे, दिवा घ्या.

मला शिक्षिकेच्या श्रेणीशी घेणं नाही. मला तिच्या मुलींच्या गुडघ्यांशी आहे. अरमंडीत (भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत) पावलं बाहेर वळवायची म्हटल्यावर मुली पावलं वळवतात, पण कंबरेचा सांधा तेवढा वळत नाही. मग मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. ताठ मानेने बसलेली ताई म्हणते "अजून खाली, अजून बाहेर". गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का, एवढंच बघायचं असतं. आत झुकत असेल तर पावलं कमी वळवायला सांगायचं, अरमंडी थोडी उंच राहिली तर राहू दे. कथकवाल्यांचं वेगळं. काँक्रीटवर पातळ फरशी, त्यावर रोज तासभर अनवाणी पाय आपटायचे आणि नडगी दुखली की "रियाज कमी पडतोय". अहो, रियाज जास्त पडतोय, फरशी चुकीची आहे.

विशारदच्या शास्त्राच्या पेपरात नायिकाभेद आहे, तालाची लिपी आहे, घराण्यांचा इतिहास आहे. माझ्याकडे येणाऱ्या ताईंना मी हमखास विचारते, तुम्हाला गुडघ्याबद्दल कुणी काही शिकवलं होतं का? अजून एकही हो आलेलं नाही.

सीनकाठी
गुडघेदुखी, तुमच्या प्रतिसादावरून आठवलं. मी काही वर्षं फ्रान्समध्ये होते. तिथे १९८९ चा कायदाच आहे: बॅले, कंटेम्पररी किंवा जॅझ पैसे घेऊन शिकवायचं तर सरकारी पदविका लागते. तिच्यात नाचाचं तंत्र एका बाजूला, आणि शरीररचना, संगीत, नृत्याचा इतिहास आणि शिकवण्याची पद्धत हे सगळं वेगळं. शिकवण्याच्या परीक्षेत खरोखरच्या विद्यार्थ्यांचा वर्ग घ्यावा लागतो, परीक्षक बघत बसतात. लहान मुलांचं वयही ठरलेलं: चार वर्षांखाली घ्यायचंच नाही, चार-पाचला नुसतं शरीर जागं करण्याचे खेळ, सहा-सातला तोंडओळख, आणि तंत्र आठव्या वर्षापासून. माझ्या मैत्रिणीची मुलगी पाच वर्षांची असताना वर्षभर नुसती मांजरासारखी चालायला शिकली. मैत्रीण वैतागली होती. आता वाटतं ठीकच होतं ते.

मी होते तेव्हा भरतनाट्यमला ही अट नव्हती, कुणीही शिकवू शकत होतं. आणि कारल्यांसाठी खास: त्याच कायद्यात नावाजलेल्या कलाकारांना पदविकेतून सूट मिळण्याची सोय आहे. म्हणजे तुमचे बिरजू महाराज तिथेही सुटले असते.

कडू_कारलं
फ्रेंच लोक समजूतदार आहेत.

लेकीचा_बाप
आमच्या धाकटीच्या बॅलेच्या शिक्षिका लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या नोंदणीकृत आहेत. त्यांनी सांगितलं की मुलांच्या ग्रेडच्या परीक्षा वेगळ्या आणि शिक्षकाची नोंदणी वेगळी. नोंदणीला आधी शिकवण्याची पात्रता लागते, आणि ती टिकवायला दर वर्षी काहीतरी नवीन शिकल्याचं दाखवावं लागतं. विशेष म्हणजे नोंदणीकृत नसतील तर त्यांना त्यांची मुलं त्या परीक्षांना बसवताच येत नाहीत. आपल्याकडे एकदा विशारद झालं की झालं, वीस वर्षांनी कुणी विचारत नाही अजून नाचता का म्हणून.

तिरकीट
वीस वर्षांनी विचारलं तर मीही नापास होईन. :)

आधीच_उशीर
अवांतर: शास्त्राच्या पेपरवरून. अष्टनायिका मी अशा घोकल्या होत्या की झोपेत म्हणायचे. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनपतिका वगैरे. एकदा ताई नव्हत्या तर मी छोट्यांना खंडिता समजावायला गेले. पहिला प्रश्न, "खंडिता म्हणजे तुटलेली का?" मी म्हटलं नाही गं, जिचा नवरा रात्रभर... आणि तिथेच थांबले. आठ वर्षांच्या मुलीला पुढे काय सांगणार? सांगितलं की तिची मैत्रीण तिला सोडून दुसरीबरोबर खेळायला गेली आणि सकाळी काही झालंच नाही अशा थाटात परत आली. मग त्यांनी जो रुसवा करून दाखवला ना! पेपरात मला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी होते, पण खंडिता मला त्या दिवशी कळली.

नुसती_वाचक
आधीच_उशीर, _/\_ मैत्रीण दुसरीबरोबर खेळायला गेली. काय बाई सुचतं.

वेलांटी
मी परीक्षा न दिलेल्या बाईंकडे शिकले. शाळा सहावीत सुटलेली, नाच त्यांच्या आत्याकडून आला. त्यांनी आम्हाला तीनताल कसा शिकवला सांगते. सोळा मुलींना गोलात उभं केलं, प्रत्येकीला एक मात्रा. आपली मात्रा आली की आपण बोल म्हणायचा आणि टाळी द्यायची. नववी मुलगी म्हणजे तालातली 'खाली', तिने टाळी न देता हात नुसता बाजूला फेकायचा. तिला सगळ्या चिडवायच्या. मग बाई एका मुलीला आत सोडायच्या आणि म्हणायच्या, समेवरून निघ, पाच पावलं चाल, एक मात्रा थांब, परत पाच, परत थांब, परत पाच. ती पहिल्या मुलीपाशीच पोचायची. दर वेळी! आम्हाला जादू वाटायची. आज मी हिशोब करते, पाच एक पाच एक पाच म्हणजे सतरा, म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. त्यांनी आम्हाला हा हिशोब कधीच सांगितला नाही, चालवून घेतला. मला आजही तिहाई डोक्यात येत नाही, तळपायात येते.

त्यांना कुठल्याही केंद्राने पास केलं नसतं. लिहिता येत नव्हतं फारसं. पण हेही सांगते की त्यांच्याच शेजारच्या वाडीत दुसऱ्या एक बाई होत्या, त्याही परीक्षा न दिलेल्या, आणि त्या मुलींच्या पोटऱ्यांवर छडी मारायच्या. दोघीही "परंपरेने शिकवते" म्हणायच्या. तेव्हा परंपरा हेही सर्टिफिकेटच झालं, फक्त भिंतीवर लावता येत नाही इतकंच.

कडू_कारलं
वेलांटी, शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं ते कळलं. पोचलं.

तत्कारवाली_आजी
सम_चुकली बाळा, इतक्या जणी जण बोलले पण त्या रडलेल्या पोरीबद्दल कुणी बोललं नाही. मी बत्तीस वर्षं शिकवलं. तत्काराचे पाय नीट लिहून बघ. ता थेई थेई तत, उजवा डावा उजवा डावा. मग आ थेई थेई तत, डावा उजवा डावा उजवा. म्हणजे चौथा आणि पाचवा दोन्ही डावेच. आणि आठव्यानंतर परत पहिला, तिथे उजवा दोनदा. पोरं चुकतात ती या दोन सांध्यांत, मधे नाहीत. ठाय लयीत वेळ असतो म्हणून निभावतं, दुगुनीत ज्या पायावर वजन टाकून बसली तो पाय उचलताच येत नाही. तिची नुसती पावलं बघू नकोस, कंबर बघ. वजन कुठल्या बाजूला अडकतंय ते कंबरेवर दिसतं. समोरून नाही, मागे जाऊन बघ. आणि तू समोर उभी असशील तेव्हा डावा टाकायचा आणि तोंडाने उजवा म्हणायचं, ते जमायला मला सहा महिने लागले होते, त्यात काही लाज नाही.

सम_चुकली
आजी, हे मी आत्ता खोलीत उभी राहून करून बघितलं. दहा-बारा वर्षं तत्कार करतेय, डावा दोनदा येतो हे माझ्या पायांना माहीत होतं, मला नव्हतं.

गुडघेदुखी
आजींना साष्टांग. मागून कंबर बघा हे मी माझ्या ज्युनियरांना सांगून थकले.

लेकीचा_बाप
आजी, सर्टिफिकेटबद्दल तुमचं मत काय पण?

तत्कारवाली_आजी
आहे की माझ्याकडे. ट्रंकेत असेल. ते मिळालं तेव्हा मलाही वाटलं होतं आता शिकवू. पहिल्या तीन वर्षांतल्या मुलींची माफी मागायची राहिली आहे.

सम_चुकली
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, क्षमस्व.

आजी, मागून बघितलं. ती चौथ्या-पाचव्याला नाही, आठव्यानंतर चुकते. आठव्या बोलाला उजवा पाय इतका ठासून मारते की सगळं अंग त्यावर जातं, आणि मग पहिला उजवा उचलायलाच येत नाही. तिला म्हटलं आठवा हळू, मांजर झोपलंय. दोन दिवसांत दुगुन आली. पूर्ण नाही, पण आली. आता ती बाकीच्यांना मांजर सांगत फिरते.

वेलांटी, तुमचं गोलही केलं. चौदाच मुली आहेत म्हणून सोळाव्या जागी एकीचं दप्तर ठेवलं आणि नवव्या जागी पाण्याची रिकामी बाटली. कुणीतरी विचारलं बाटली का, तर तीच रडलेली मुलगी म्हणाली, "खाली आहे ना, म्हणून रिकामी." हे मी ठरवून केलं नव्हतं, पण मी मान डोलावली जणू केलंच होतं.

ताई पुढच्या महिन्यात परत येतायत. त्यांना विचारलं मी बॅच सोडू का, तर म्हणाल्या मी मागे खुर्चीवर बसते, तू घे. काल झपताल सुरू केला. दहा मुली लागतात, चौदा आहेत, आणि उरलेल्या चौघींना बाटलीच व्हायचंय.